खरखरीत बाजू

दुधी काच घ्यायला कोणी आलं, की मी आधी त्याचं बोट धरतो आणि काचेच्या दोन्ही अंगांवरून फिरवतो. एक अंग गुळगुळीत, दुसरं खरखरीत. एकवेळ चहा विचारायचा विसरेन, पण हा धडा दिल्याशिवाय माल दुकानाबाहेर जाऊ देत नाही. कारण खरखरीत अंगाला पाणी लागलं, की तेवढ्या जागी काच आरपार दिसायला लागते. एका गिऱ्हाइकाने माझं न ऐकता न्हाणीघराला खरखरीत अंग आत घेऊन काच बसवली. साहेब अंघोळीला उभे राहिले, शिंतोडे उडाले, आणि समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका बादल्या टाकून पळाल्या. अजून ते मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

शाळेत मी फार टिकलो नाही. काचेने शिकवलं तेवढंच माझं शिक्षण. आणि त्याच शिक्षणाच्या घमेंडीत मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी जे करून बसलो, ते तुम्हाला सांगतो.

धाकटी बहीण. आम्ही सगळे तिला चिमणी म्हणतो. तिच्या सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन महिन्यांत पायावर उभ्या राहिल्या तर राहिल्या, नाहीतर अंथरूण सुटणार नाही. थोरली जाऊ त्यांना वृद्धांच्या संस्थेत पाठवायला टपलेली. चिमणी हट्टाला पेटली, "माझ्याकडे राहतील आणि चालतीलही." घराचं काम काढलेलंच होतं. हॉलचा मागचा भाग पार्टिशन घालून वेगळा केला आणि म्हातारीची खोली केली. त्या बाजूला बाहेरची खिडकी नव्हती, म्हणून पार्टिशनमध्येच एक मोठी खिडकी ठेवायची, हॉलमधला उजेड आत जावा म्हणून.

"दादा, दवाखान्यासारखी दिसता कामा नये हं," चिमणीने बजावलं.

मग काय, मी हौस केली. सागवानाची चौकट, वर कमान, कडेने रंगीत काचांचे लहान लहान चौकोन आणि मधोमध दुधी काचेचा एकच उभा तुकडा. सुतार म्हणाला, "शेठ, एवढी खिडकी माझ्या लग्नात असती तर मी बायकोला बघायला आत गेलोच नसतो, बाहेरूनच होकार दिला असता." हॉलमध्ये माणसांची वर्दळ, खरखरीत अंगावर बोटांचे डाग धरतात, म्हणून ते अंग मी खोलीच्या बाजूला ठेवलं. अगदी नियमाप्रमाणे.

आठवड्याने चिमणीचा फोन आला. "दादा, काचेत काहीतरी दोष आहे. येऊन बघ."

दुपारचे चार वाजले होते. चिमणीचे यजमान कामासाठी परगावी, घरात या दोघीच. चिमणीचं शिलाई मशीन खिडकीच्या बरोबर समोर. तिने नुसती मान उचलून दाखवलं.

दुधी काचेवर दोन स्वच्छ ठिपके होते. बटणाएवढे. शेजारी शेजारी, माझ्या डोळ्यांपेक्षा चार बोटं खाली. कोणी ओले डोळे काचेला टेकवून बघावं तसे.

"रोज याच वेळी येतात," चिमणी म्हणाली. "मी मशीनवर बसले, की येतात. मग हळूहळू सुकतात."

हॉलच्या बाजूने बोट फिरवलं. कोरडं. मी खोलीत गेलो. सासूबाई, मी त्यांना काकू म्हणतो, पलंगावर पडल्या होत्या. पलंगापासून खिडकी सहा-सात पावलं. त्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागत होतं.

मी काचेला बोट लावलं. ओलं होतं... आणि कोमट. सवयीने बोट जिभेला लावलं.

"काय हो दुकानदार," काकू पलंगावरून म्हणाल्या, "स्वतःचाच माल चाटून बघता?"

मी हसलो खरा. पण चव खारट होती.

"काकू, इथे कोण आलं होतं?"

"आलं होतं म्हणजे? आहेच की. माझ्याकडे पाठ करून उभी असते बिचारी. तिचा मला काही त्रास नाही." मग हळू आवाजात, "ते काचेचं काही करू नका हं. पाठ आहे तेच बरं."

मी बाहेर येऊन चिमणीला म्हटलं, गोळ्यांची गुंगी आहे, मनावर घेऊ नकोस. तिने कात्री खाली ठेवली. तिचे डोळे तारवटलेले होते. "दादा, मी दिवसभर त्या खिडकीसमोर बसते. हे थांबलं नाही ना, तर मी जाऊबाईंना हो सांगून टाकेन. मला नाही सहन होत."

आता बघा, माझं डोकं कसं चाललं. म्हातारी वाचवायची तर चिमणीचं मन थाऱ्यावर हवं. ठिपके दिसतात, कारण खरखरीत अंग आत आहे. काच उलटी बसवली, की आतून कोणी कितीही ओलं केलं तरी गुळगुळीत अंगावर काही दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुतार बोलावला, पट्ट्या सोडवल्या, काच फिरवली, पुन्हा पट्ट्या ठोकल्या. अर्ध्या तासाचं काम. काकू सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

चार वाजेपर्यंत मी मुद्दाम थांबलो. चिमणी मशीनवर बसली, मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली. काच पांढरी शुभ्र. मी तिला म्हणणार होतो, बघ, तुझा दादा...

आधी एक ठिपका उमटला. मग दुसरा.

आमच्या बाजूला. आमच्यापासून चार हातांवर, जिथे कोणीच नव्हतं, तिथे काच ओली होत गेली. आणि त्या दोन ठिपक्यांतून मला आतली खोली स्वच्छ दिसली. पलंग दिसला. काकू दिसल्या. त्या थेट आमच्याकडे बघत होत्या. तोंड उघडं... पण आवाज नाही.

मी धावत आत गेलो. त्यांचा हात गार पडला होता.

"तोंड... दुकानदार. आता तोंड इकडे केलंत तुम्ही तिचं."

त्या दिवसापासून काकूंनी जेवण टाकलं. व्यायामाला बाई यायची, तिला पाय हलवू देईनात. डोळे मिटायलाही घाबरायच्या. तिसऱ्या दिवशी मी पोत्यात गुंडाळून काच न्यायला आलो. म्हटलं, प्लायवुड ठोकून मोकळा होतो, उजेड गेला खड्ड्यात.

"काच नेऊ नका," काकू पुटपुटल्या. "काच आहे तोवर कळतं तरी, कुठे बघते ते..."

चिमणी दारातून पुढे आली. सासूच्या कपाळावर हात ठेवला. हीच पोर चार दिवसांपूर्वी म्हातारीला धाडून द्यायला निघाली होती.

"दादा, होती तशी फिरव," ती म्हणाली. "बघायचंच आहे ना तिला? माझ्याकडे बघू दे."

"चिमणे, विचार कर..."

"केला. मी बघून घेईन. आईंना उभं राहायचंय."

मी फिरवली. चार वाजता ठिपके आले, आतून. चिमणी मशीन चालवत राहिली. शिवण वाकडी गेली, पण ती उठली नाही.

काकू त्या रात्री पोटभर जेवल्या. पुढे दिवसागणिक सुधारत गेल्या. उशाला टेकून बसल्या, मग पाय खाली सोडून बसल्या. डॉक्टर खूश. मी भेटायला गेलो तर चेहऱ्यावर तेज आलेलं. बोलता बोलता त्या मधेच खिडकीकडे बघून भुवया उडवायच्या, जिभेने टक् टक् करायच्या. लहान मुलाला हसवतात ना, तसं.

"काकू, पाठच आहे ना?" मी दबकत विचारलं.

"तिची पाठच आहे. पण खांद्यावरचं इकडे बघतं ना."

"खांद्यावरचं..."

"आधी नव्हतं. हॉलमधनं परत येताना घेऊन आली. लबाड आहे हो. सारखे हात पुढे करतं माझ्याकडे." त्यांनी गुडघे चोळले. "म्हटलं, थांब जरा. पायात बळ येऊ दे, मग घेते."

चिमणीला मी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? म्हातारी मनापासून व्यायाम करत होती. तिला थांबवू तर कोणत्या तोंडाने?

परवा संध्याकाळी दुकानात फोन आला. चिमणी आनंदाने ओरडत होती.

"दादा, आई उभ्या राहिल्या! खिडकीपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या! जाऊबाईंना आत्ताच कळवलं."

"वा," मी म्हटलं. "कोणी धरलं होतं का?"

"कोणी नाही. फक्त एक खोड लागलीय बघ. वॉकर एकाच हाताने धरतात. डावा हात कोपरात वाकवून असा छातीशी घट्ट. व्यायामाच्या बाई रागावल्या, पडाल म्हणून. पण ऐकतच नाहीत."

"आणि काच?"

"काच कोरडी आहे, दादा. आज चार वाजता काहीच आलं नाही. गेली वाटतं एकदाची..."

तिचा आवाज आनंदाने चढला होता. तेवढ्यात तिच्या मागून काकूंचा आवाज आला, अगदी दबका.

"हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय."