कड्यावरच्या तीन पुंगळ्या

ऑर्व्हिल क्राउस खासगी तपास करणाऱ्या मेरिट होव्हलँडच्या कचेरीत आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपीकडेच बघत बोलू लागला. सत्तरी ओलांडलेला हा माणूस मोंटानाच्या त्या कोपऱ्यात टेकडीवर एकटा राहून रायफली बनवायचा, दुरुस्त करायचा. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आठ दिवसांपूर्वी टेकडीखालच्या रेडिकबाईंच्या कुरणात कुणीतरी एक घोडी मारली होती. कड्यावरून, तीनशे यार्डांवरून तीन गोळ्या; तिन्ही तळहाताएवढ्या जागेत. कड्यावर काडतुसांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. त्यांच्या बुडाला लाल ठिपका होता, आणि असा ठिपका ऑर्व्हिल स्वतः भरलेल्या काडतुसांना देतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेरीफने त्याची स्वतःची अर्धस्वयंचलित रायफल जप्त केली. जामीन मिळाला, पण काउंटीबाहेर पाऊल टाकायला बंदी.

"अर्धस्वयंचलित रायफलीचा नेम एवढा पक्का नसतो म्हणतात," मेरिट म्हणाली.

"दुकानातल्या रायफलीचा नसतो. माझ्या रायफलीची नळी मी स्वतः बसवलीय, केसभरही हलणार नाही इतकी घट्ट. तेच आता अंगाशी आलंय."

"अशी नळी आणखी कुठल्या रायफलीला?"

"एकीला. पण ती साधी, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची. पंचवीस वर्षांपूर्वी एकाला भेट दिली. तिचा इथे काय संबंध?"

मेरिटने ते तिथेच सोडलं. तिचा सहकारी गस पेलेटियर, शेरीफचा निवृत्त डेप्युटी, कोपऱ्यात बसून टिपणं घेत होता. गुन्हा शाबित झाला तर काय, असं त्याने विचारलं. तर कायद्याने बंदुकीला हात लावायचा नाही, ऑर्व्हिल म्हणाला, म्हणजे धंदाही संपला. महिनाअखेरीला तो किनाऱ्यावरच्या राज्यात मुलीकडे कायमचा राहायला जाणार होता. तिथे असली रायफल नेता येत नाही, म्हणून दोन वर्षं अडून बसला होता. शेवटी ती विकून टाकायची ठरवलं.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"डेलला, माझ्या दोस्ताला. दुसऱ्या कुणाला सांगणार?"

दुपारी मेरिट आणि गस ऑर्व्हिलबरोबर त्याच्या शेडमध्ये गेली. डब्यात त्याच्या रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. मेरिटने एक बाकावर घरंगळत सोडली. ती टक टक करत, लंगडत गेली. प्रत्येक पुंगळीला एकाच जागी पोचा होता. लाल ठिपक्याची काडतुसं आपण निम्म्या गावाला भरून देतो, असं ऑर्व्हिलने सांगितलं.

शेरीफने कड्यावरच्या पुंगळ्या दाखवल्या. मेरिटने त्यातली एक टेबलावर सोडली, ती गुळगुळीत घरंगळत काठापर्यंत गेली आणि गसने झेलली. पुंगळ्या नि रायफल तपासणीला पाठवायची होती. अहवाल यायला वसंत ऋतू उजाडेल, शेरीफ म्हणाला. तपासणीला नेहमी एवढाच वेळ लागतो, सगळ्यांना माहीत आहे.

रेडिकबाई रडल्या नाहीत. अकरा घोड्यांपैकी तीच घोडी गेली, हे एका परीने बरंच झालं, म्हणाल्या. तिच्या पायाचं हाड सडलं होतं. त्या शनिवारी जनावरांचे डॉक्टर येऊन तिला सुई देऊन कायमचं झोपवणार होते. ही गोष्ट बाई, डॉक्टर आणि मुकादम डेल मॅकाबी एवढ्यांनाच माहीत होती.

डेलची खोली तबेल्यामागे होती. एक खाट, एक खुर्ची. ऑर्व्हिल असं करणारच नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. दाराच्या वर अक्रोडाच्या दस्त्याची देखणी रायफल टांगलेली होती. गसने तिची तारीफ केली, तेव्हा डेल खाली बघत पुटपुटला की भेट मिळालीय.

गाडीत गस म्हणाला, "मला तर डॉक्टरचा संशय येतो."

"तो तर तिला सुईनेच मारणार होता, गस. गोळ्या कशाला घालील?"

दुसऱ्या दिवशी मेरिटने डेलला ऑर्व्हिलच्या शेडमध्ये बोलावलं. चौघं स्टोव्हभोवती बसले. तिने दोन पुंगळ्या बाकावर सोडल्या, एक ऑर्व्हिलच्या डब्यातली, दुसरी शेरीफकडून मागून आणलेली. एक लंगडत गेली, एक सरळ.

"ऑर्व्हिलची रायफल पुंगळी स्वतःच बाहेर फेकते, जोरात. पुंगळी सांगाड्याच्या कोपऱ्यावर आपटते आणि पोचा पडतो. दर वेळी. कड्यावरच्या पुंगळ्या कुणीतरी हाताने बोल्ट ओढून बाहेर काढल्या, म्हणून त्या कोऱ्या राहिल्या. पण नेम तर ऑर्व्हिलच्याच नळीचा होता. तशी दुसरी नळी साध्या रायफलीत आहे, आणि ती भेट दिलेली आहे. मारणाऱ्याने अकरा घोड्यांतून नेमकी मरणारी निवडली. निरोगी जनावर मारायला त्याचं मन धजलं नाही. ते माहीत असणारे तिघंच होते. त्यांतल्या एकाच्या दारावर भेटीची रायफल आहे."

डेलने नाकारलं नाही. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला.

"पण मित्राला अडकवायचं कशासाठी?" गसने विचारलं.

"अडकवायचं नव्हतंच," मेरिट म्हणाली. "अहवाल आला की ऑर्व्हिल सुटणार, हे डेलला ठाऊक होतं. पण तोवर जामीन. काउंटी सोडता येणार नाही."

"एक हिवाळा," डेल म्हणाला. "एवढाच हवा होता मला. बर्फ पडलं की इथे कुणी येत नाही, ऑर्व्ह. तुझ्याकडे यायचो, तेवढंच. बाकीचे दिवस मी भिंतीशी बोलतो."

गसला कारण लगेच पटलं. त्याच्याही घरी संध्याकाळी रेडिओच बोलत असे.

"थांब म्हणून सांगायचं होतंस मला," ऑर्व्हिल म्हणाला.

"थांबला असतास?"

ऑर्व्हिलने स्टोव्हचं दार उघडलं, लाकूड सारलं, बंद केलं.

"नाही," तो म्हणाला.

डेलनेच शेरीफकडे जायचं ठरवलं. त्याची जुनी गाडी सुरू होईना, तेव्हा ऑर्व्हिल म्हणाला, चल, मी सोडतो. गस दारात उभा राहून पाहत होता. ट्रकच्या पुढच्या सीटवर दोघं शेजारी बसले होते, दोघांचीही नजर रस्त्यावर. टेकडी उतरून ट्रक दिसेनासा होईपर्यंत तो तिथेच थांबला.