मंजुरीच्या प्रतीक्षेत

"विद्यापीठ कुठे आहे हो?" मी विचारलं.

जिन्यात बसलेल्या त्या मुलाने मान वर केली. मांडीवर एक मोठं खोकं, शेजारी आणखी दोन. लिफ्ट बंद होती. चष्मा घसरून पार नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तो सावरायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

"हे काय, इथेच आहे," तो खोक्यावर हनुवटी टेकवत म्हणाला. "जरा दमलंय, म्हणून बसलंय."

मला हसूच आलं. खरं तर मी भांडायच्या तयारीने आले होते. घरी आत्याने सकाळपासून डोकं खाल्लं होतं... ज्याला फाटक नाही, मैदान नाही, घंटा नाही, ते कसलं मेलं विद्यापीठ? आधी डोळ्यांनी बघून ये, मग काय ते शीक. मलाही तेवढंच निमित्त हवं होतं. आमच्या घरात मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. लहानपणापासून प्रश्न विचारून मी भल्याभल्यांना पळवून लावलंय.

"म्हणजे ऑनलाइन विद्यापीठाला खरंच पत्ता असतो?"

"चौथा मजला. माहितीपुस्तकांचं एखादं खोकं उचललंत, तर लवकर दिसेल."

मी दोन उचलली. लहान मुलांना पोहायला शिकवते मी, दंडात तेवढा जोर आहे. तो एक खोकं घेऊन मागून आला आणि दुसऱ्याच मजल्यावर म्हणाला, "तुम्ही... पुढे व्हा... मी... देखावा बघत येतो." जिन्यात बघण्यासारखं फक्त पाण्याच्या मीटरचं कपाट होतं.

वर एक लांबलचक हॉल होता. टेबलांच्या रांगा, कानाला हेडफोन लावून बोलणारी माणसं, आणि टोकाला एक काचेची खोली. तिच्यात एक प्राध्यापक हातवारे करत होते. मध्येच थांबले, समोरच्या कॅमेऱ्याकडे बघून छान हसले, पुन्हा बोलू लागले.

"ते कुणाकडे बघून हसले?"

"वर्गाकडे," तो श्वास सावरत म्हणाला. "वर्ग उद्या हसेल."

मग तो एका टेबलामागे जाऊन बसला, चष्मा पुसला, आणि मला कळलं की हाच तो प्रवेश सल्लागार, ज्याला भेटायचं असं मला फोनवर सांगितलं होतं.

मी धडाधडा सुरुवात केली. परीक्षा कशी घेता? घरी बसून कुणी कॉपी केली तर? प्रात्यक्षिकं कुठे? तो न कंटाळता सांगत होता. कॅमेऱ्यासमोर परीक्षा, महिन्यातून एकदा केंद्रावर प्रात्यक्षिक... आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी, पुढचा प्रश्न कुठून येतोय ते बघायला, भुवई किंचित उचलायचा. वाणिज्य, संगणक, मानसशास्त्र अशा पदव्या त्यांच्याकडे होत्या, आणि यंदापासून क्रीडा मानसशास्त्र. मला हवी होती ती हीच.

का, तेही मी सांगून टाकलं. आमच्या तलावावर मुलांच्या विभागाला मुख्य प्रशिक्षक नेमणार होते. मॅनेजरबाईंची अट एकच होती, नवा हंगाम सुरू व्हायच्या आत या विषयाच्या मान्यताप्राप्त पदवीला प्रवेश घेतलेला हवा. पाण्याला घाबरणारं मूल काठावर का गोठतं, ते मला नुसतं अंदाजाने नाही, नीट शिकून समजून घ्यायचं होतं. तलाव सोडून कॉलेजात जाणं शक्य नव्हतं.

"विद्यापीठाला मान्यता आहे ना?"

"आहे. पक्की."

"आणि या पदवीला?"

त्याची भुवई उचलली नाही. टेबलावरचं पेन त्याने उगाच सरळ केलं.

"प्रक्रिया सुरू आहे," तो म्हणाला.

इतका वेळ त्याच्या प्रत्येक वाक्याच्या तळाशी थोडं हसू होतं. हे वाक्य मात्र पाटीवरून वाचल्यासारखं आलं. मी काही विचारणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि तो मला वाटलं त्याहून जास्त घाईने त्याच्याकडे वळला.

दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. प्रक्रिया... कसली? आणि पेन का सरळ केलं? आणि खरं सांगायचं तर... त्याचा आवाजही जात नव्हता. शेवटी मी फोन लावला.

"प्रक्रिया म्हणजे नक्की काय?"

 पलीकडून अगदी औपचारिक आवाजात, "मॅडम, आमचे कॉल रेकॉर्ड होतात."

"मग?"

"मग... तुमचा तलाव किती वाजता उघडा असतो?"

तो आला तेव्हा माझी छोट्यांची तुकडी पाण्यात होती. बूट दाराशी काढायला सांगितले, तर तो मोज्यांवर ओल्या फरशीवरून चालत आला, घसरला, कठड्याला लटकला. मुलं खिदळली. मी पाण्यातून वर येऊन काठावर बसले, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला.

"विद्यापीठाला मान्यता आहे हे खरं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण प्रत्येक पदवीला वेगळी मंजुरी लागते. या पदवीची अजून आलेली नाही. अर्ज केलाय, समिती येणार आहे. मिळेलही पुढच्या वर्षी. पण यंदा जे प्रवेश घेतील त्यांची पदवी धरली जाईलच, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"ऑफिसात आम्हाला तेवढंच वाक्य बोलायची परवानगी आहे." तो पाण्याकडे बघत होता. "आणि तुम्ही इतक्या आनंदाने विचारत होतात, की... माझा धीर नाही झाला."

मला राग आला. त्याचा, विद्यापीठाचा, सगळ्यांचाच.

"मॅनेजरबाई फक्त प्रवेशाची पावती बघणार होत्या. तुम्ही गप्प बसला असतात तर पद मिळालं असतं मला!"

"हो," तो म्हणाला. "मिळालं असतं."

एवढंच. समजावणं नाही की उपदेश नाही. मी पाण्यात सूर मारला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत श्वास न घेता गेले. वर आले तेव्हा तो तिथेच होता. माझ्या सुराने त्याची अख्खी बाही भिजली होती, आणि एका चिमुरडीला तो पायातले ओले मोजे पिळून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरबाईंना सगळं खरं सांगितलं. नुसत्या मानसशास्त्राच्या पदवीला मंजुरी आहे, ती करते, पुढे क्रीडा घेईन, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. "तुझा खरेपणा आवडला गं," त्या म्हणाल्या, "पण मला या हंगामात माणूस हवंय." पद दुसऱ्या तलावावरच्या एका अनुभवी बाईंना गेलं. मी त्यांची मदतनीस. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. आत्याने दाराशी येऊन विचारलं, "विद्यापीठ बुडालं का?" तर मला रडता रडता हसू फुटलं.

आणि त्याच आठवड्यात, छोट्यांच्या तुकडीत, भलामोठा टॉवेल खांद्यावर घेऊन सल्लागार हजर!

"हे काय?"

"मोठ्यांची तुकडी भरलीये म्हणाले. नवशिक्यांत चालेल, असं काउंटरवरच्या ताई म्हणाल्या."

"तुम्हाला पोहायला कशाला शिकायचंय?"

"पाण्याकाठी बसून खूप वाईट बातमी दिली मी," तो म्हणाला. "म्हटलं, पुढच्या वेळी निदान पाण्यात उतरून द्यावी."

मुलांनी त्याचं नाव 'दगडदादा' ठेवलं, कारण तो तरंगायचाच नाही. पाठीवर झोपवलं की कमरेत वाकायचा आणि खाली. मी त्याचा हात धरून म्हणायची, "अंग सैल सोडा." तो डोळे मिटून म्हणायचा, "प्रक्रिया सुरू आहे..." आणि आम्ही दोघं पाणी पिईस्तोवर हसायचो.

हळूहळू माझ्या प्रश्नांचे विषय बदलले. तो एकटा राहतो का? स्वयंपाक येतो का? ऑफिसात बोलणी बसली का? या शेवटच्यावर तो म्हणाला, "बसली. मी साहेबांना जाऊन सांगितलं, की 'मंजुरी बाकी आहे' असं वेबसाइटवर स्पष्ट लिहा, नाहीतर मी त्या पदवीचे फोन घेणार नाही. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. परवा म्हणाले, तूच लिही तो मजकूर, तुझ्या जिभेला हाड नाहीये."

"लिहिलात?"

"लिहिला. चौकशा निम्म्यावर आल्या." त्याने ओले केस मागे सारले. बिनचष्म्याचे त्याचे डोळे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. "पण आता फोन उचलला की खरं तेच सांगता येतं."

त्या दिवशी तो पहिल्यांदा तरंगला. मी केव्हा हात काढून घेतला, ते त्याला कळलंही नाही. छताकडे बघत, ओठ किंचित उघडे... आणि मी बघतच राहिले.

मानसशास्त्राच्या पदवीला प्रवेश घ्यायला मी मुद्दाम ऑफिसात गेले. घरबसल्या झालं असतं, पण... जाऊ दे. नवा कुडता घातला होता. तो मला बघून उठला, बसला, पुन्हा उठला.

"तुमचा अर्ज माझ्याकडे नाहीये," तो म्हणाला. "शेजारच्या मॅडमकडे दिलाय. त्या बघतील सगळं."

माझं तोंड उतरलं. "का? माझं काही चुकलं?"

"नाही. नियम असा आहे की... सल्लागाराने तटस्थ असावं लागतं." पेन शोधायला त्याचा हात टेबलावर फिरला. पेन नव्हतं. "तुमच्या बाबतीत मी तटस्थ राहिलेलो नाही. बरेच दिवस."

हॉलमध्ये सगळीकडे बोलण्याची गुणगुण चालू होती, आणि मला तिच्यातलं काहीही ऐकू येईना. चौकशी खिडकीला एक प्रश्न सुचेल तर शपथ!

"तू," मी म्हणाले, आणि माझा आवाज भलताच बारीक निघाला, "हे असं... ऑफिसात सांगतात का?"

त्याने आधी तो 'तू' ऐकला. कानापर्यंत लाल झाला.

"मग कुठे सांगू? तुझं उत्तर काय आहे, त्यावर ठरवतो."

"उत्तर तुला माहितीये."

"मला स्पष्ट लिहिलेलं आवडतं."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "घे. झालं स्पष्ट?"

शेजारच्या मॅडमनी हेडफोनचा माइक हाताने झाकला. "अहो, बाहेर गॅलरीत जाऊन बोला ना. माझा विद्यार्थी केव्हापासून ऐकतोय, आणि त्याला आता प्रवेशात रस उरलेला नाही."

आम्ही गॅलरीत आलो. खाली रस्त्यावर दुपारची वर्दळ होती.  मग त्याने, जरा घाबरतच, माझा हात हातात घेतला.

आजवर मी त्याचा हात धरला होता तो पाण्यात, तो बुडू नये म्हणून. हा हात कोरडा होता, उबदार होता, आणि धरायला काही कारण नव्हतं.

मी तो सोडला नाही.