थंडीत सरळ होणारं हसू

"हसताय की वेडावताय?"

गुलाबांच्या पेट्यांआडून त्यानं विचारलं आणि माझे डोळेच भरले. फुलांच्या शीतगृहाचा तो राखणदार. काकूच्या दुकानासाठी माल न्यायला मी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आले होते... काकूनं मला काउंटरवरून उठवलं होतं ना! सकाळी मी छान हसायचे. दिवस कलला की ओठांचे कोपरे हलेनात, वरचा ओठ तेवढा उचलला जाई. गिऱ्हाइकं म्हणत, पोरगी नाक मुरडते. महिनाभरात सुधारले नाही, तर काकू दुसरी मुलगी ठेवणार होती.

"हसतच होते हो..."

तो वरमला. स्टूल पुढे केलं. पेट्या रचता रचता त्यानं स्वतःचीच इतकी टिंगल केली, की मी पुन्हा हसले. त्याचे हात थांबले.

"अहो — सरळ हसलात!"

स्टीलच्या चकचकीत दारात मी स्वतःला पाहिलं. देवा रे! माझंच हसू. बाहेर उकाड्यात गेले, थोड्या वेळानं वाकडं. आत आले, पुन्हा सरळ.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, मनावर घेऊ नका."

"मनाला थंडी वाजते होय?"

दुसऱ्या दिवशी तोच मला मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी गालांवर बर्फ धरला नि बघतच राहिल्या. मग नसेला विजेचे बारीक झटके दिले. यंत्राच्या पडद्यावर स्नायूच्या हालचालीच्या रेघा एकेक करत बुटक्या झाल्या.

"मायस्थेनिया," त्या म्हणाल्या. "नस निरोप धाडते, पण शरीराचेच पहारेकरी तो स्नायूच्या दाराशी अडवतात. थंडीत तो जरा बरा पोचतो. बहुतेकांच्या आधी पापण्या पडतात. तुमचं नुसतं हसू थकलं, म्हणून कुणाला कळलं नाही. औषध आहे, वेळ लागेल."

एवढ्याशा हसण्यामागे केवढी ही ये-जा, आणि आजवर ती न मागता चाललेली! माझे हात आपोआप जुळले.

काकूनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दोनदा वाचली. "बस गं तुझ्या जागी," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

तो दुकानाच्या पायरीवरच घुटमळत होता.

"औषध लागू पडेपर्यंत लग्नाचं विचारू नये म्हणतात..."

"कोण म्हणतं?"

"मीच. पण धीर निघत नाही."

"आणि हसू नाहीच झालं सरळ — तर?"

"वाकडं असलं तरी मला वाचता येतं ते."

मी काउंटरमागे माझ्या जागी जाऊन बसले.

"मग काकूला विचारा," मी म्हटलं. "पण जपून हं... ती माझ्याहून कडक आहे."

पायातल्या चपला तिथेच सोडून तो आत शिरलासुद्धा!