देवाची वाट

एकेचाळीस चष्मे डोंगरावर पोचवायचे, एवढीच ती मोहीम होती! मुरबाडच्या डोंगराला अर्ध्या उंचीवर एक सपाट पदर आहे आणि त्या पदरावर तीस घरांची वाडी. रस्ता नाही. वाडीतली म्हातारी माणसं दहा दिवसांपूर्वी खाली उतरून, गावातल्या छोट्या चर्चच्या शिबिरात डोळे तपासून गेली होती. तपासणारा होता जोसेफ. केनियात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दर वर्षी महिनाभर दुकानाला कुलूप लावून तो ख्रिस्ताच्या नावानं कुठल्या तरी परक्या देशात लोकांचे डोळे तपासायला जायचा. चष्मे कल्याणहून तयार होऊन आले सोमवारी संध्याकाळी, आणि त्याचं परतीचं विमान होतं बुधवारी पहाटे. मधला मंगळवार तेवढा हाती होता.

"प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा मी स्वतः चढवणार," जोसेफ म्हणाला. "मी शब्द दिलाय."

त्याचं इंग्रजी मराठीत आणि लोकांचं मराठी इंग्रजीत करायला सुदाम होता. सुदाम वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला, आणि रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं वचन वाचायला उभा राहणारा. जोसेफनं त्याला वर्षभर केनियाला नेऊन डोळे तपासायला शिकवायचं बोलून दाखवलं होतं आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते. सेवेसाठी परदेशी जाणारा घराण्यातला पहिला! पासपोर्टचा अर्जही भरून झाला होता. पुढं जे घडलं त्याचं मूळ या हुरळण्यात आहे, आणि हे आज सुदाम स्वतःच कबूल करतो.

त्यांना न्यायला वाडीतून कमळू आला होता. चाळिशीचा गडी, कमरेला कोयता, बोलणं मोजकं. त्याची आई धोंडाबाई, तिचाही चष्मा जोसेफजवळच्या पेटीत होता.

"आमी नेतो की चष्मे," कमळू निघतानाच म्हणाला. "तुमी कशाला तंगडतोड करता?"

सुदामनं हे जोसेफला सांगितलंच नाही. पाहुण्याचा हिरमोड कशाला करायचा?

आठ वाजता ते निघाले. भात कापून झालेली खाचरं मागं पडली, मग साग, मग कारवीचं रान. जोसेफ डोंगराळ मुलखातला, त्यामुळं चालायला वाघ! पण ओढ्यापाशी आग्या मोहोळ उठलं. "आडवे पडा!" कमळू ओरडला. तिघं पालथे झाले. डोक्यावरून घोंघाट चालला होता आणि कुणी बोटसुद्धा हलवत नव्हतं. माश्या शांत व्हायला तासाच्या वर वेळ गेला. फाट्यावर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

तिथून दोन वाटा. एक डोंगराच्या सोंडेवरून वळसे घेत जाणारी, तीन तासांची. दुसरी म्हणजे समोरची उभी नाळ, डोंगरातली अरुंद घळ, दगडधोंड्यांनी भरलेली, पण सरळ पदराकडं तोंड करून असलेली. जोसेफनं घड्याळ पाहिलं. सोंडेनं गेलं तर अंधाराआधी परतणं नव्हतं. तो गुडघ्यावर बसला, डोळे मिटले. "प्रभू, तूच वाट दाखव." उठला आणि नाळेकडं बोट करून त्यानं विचारलं, "ही कुठली?"

"ती देवाची वाट," कमळू म्हणाला.

"गॉड्स वे," सुदामनं भाषांतर केलं.

जोसेफचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! त्यानं आभाळाकडं हात पसरले. सुदामला वाटलं, आपल्या तोंडून देवच बोलला. तिकडं कमळूचं पुढचं बोलणं चाललंच होतं: "तिकडनं नाय जायचं. ती वाघोबादेवापुरती वाट. वरनं धोंडे येतात."

सुदामनं ते ऐकलं. नीट ऐकलं. आणि गिळलं!

"पाहुण्याला हीच वाट पायजे," तो कमळूला म्हणाला.

कमळूनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. पाहुणा म्हणतो म्हटल्यावर तो काय बोलणार? त्यानं चपला काढून नाळेच्या तोंडाशी ठेवल्या आणि अनवाणी चढू लागला.

चढ कसला, नुसता घसारा! एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यावं. दीड तासानं एका कपारीत शेंदूर फासलेली लाकडी फळी दिसली, तिच्यावर कोरलेला वाघ. कमळूनं हात जोडले. जोसेफनं पेटी फळीशेजारी टेकवली. पुढं कातळाची सरळ भिंत होती. वाट संपली होती.

"हितनं वर-खाली आमची जवान पोरं वर्षातनं एकदा करतात, वाघोबाच्या दिवशी," कमळू म्हणाला. "पाहुण्याला जमंल का, बघतो."

तेवढ्यात वर वानरांचा कालवा झाला. खडखड! एक दगड, मग दहा, मग सगळी नाळच गडगडत खाली आली!

"धोंडे!"

कमळूनं झेप घेतली. जोसेफला भिंतीवर दाबून धरलं. धूळ. दगड. किंकाळी.

धूळ बसली तेव्हा कमळू तोंड धरून बसला होता आणि बोटांमधून रक्त गळत होतं. जोसेफनं त्याचे हात बाजूला केले. डावा डोळा त्यानं एकदाच पाहिला. डोळ्यांतलं त्याला कळत होतं, तेवढं पुरे होतं. उजवा मातीनं भरून सुजला होता. त्यानं सदरा फाडला आणि दोन्ही डोळे बांधले.

थांबणं शक्य नव्हतं, वर वानरं होतीच. आणि उतरायची जागा ज्याला ठाऊक होती, त्याच्याच डोळ्यांवर पट्टी!

"पेटी?" सुदामनं विचारलं.

"राहू दे," जोसेफ म्हणाला. "मला दोन्ही हात हवेत. तुलाही."

त्यानं कमळूला पाठीशी बांधून घेतलं आणि कमळू त्याच्या कानाशी बोलू लागला.

"आता चपटा धोंडा लागंल. उजव्या अंगानं उतर. तोंड भिंतीकडं."

सुदामनं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

"डावीकडं उंबराची मुळं. जाड मूळ धर. वाळकं धरू नको."

सुदामनं सांगितलं, आणि स्वतः मात्र घाईत वाळकंच धरलं. कडाड! पाय सुटले! जोसेफनं त्याची कॉलर पकडली, तिघंही क्षणभर लोंबकळले, आणि जाड मुळानं भार पेलला. दोन तास हे असं. उभ्या जन्मात सुदामनं इतकं चोख भाषांतर केलं नव्हतं. सकाळी एवढं एकच वाक्य केलं असतं तर! पावलापावलाला हेच मनात येत होतं.

खाली पोचल्यावर कमळू हातानं जमीन चाचपू लागला. "माज्या चपला हितंच असतील बघ." होत्या.

ठाण्याच्या दवाखान्यात उजवा डोळा वाचला. डावा गेला. विमानही जोसेफला न घेता गेलं. कमळूनं एकच मागणं केलं: "आयला सांगू नका. दगड लागला, बरं झालं, एवढंच. तिला कुठं नीट दिसतंय?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुदामनं जोसेफपुढं सगळं ओकलं.

"मी देवाला वाट विचारत बसलो," जोसेफ म्हणाला. "आणि वाट जाणणारा माणूस त्यानं आधीच माझ्या शेजारी उभा केला होता. त्याचं बोलणं संपायच्या आत मी हात पसरले. चूक तुझ्या एकट्याची नाही. पण कमळूला तू सांग."

आठ दिवस कमळूच्या उशाशी बसून जोसेफ मायदेशी गेला. केनियाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, सुदामनंही नाही. आणि कमळूला सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू, असं करत दोन महिने गेले.

म्हसा गावची जत्रा उठल्यावर वाघोबाचा दिवस आला. वाडीतली जवान पोरं अनवाणी नाळेत उतरली आणि येताना पेटी घेऊन आली. एकही काच फुटली नव्हती! कमळूचा फोन आला. "कुणाचा कंचा चष्मा, ती यादी तुज्याकडं हाय. ये."

सुदाम सोंडेच्या वाटेनं गेला. तीन तास. पायाला खरचटलंसुद्धा नाही.

एकेक म्हातारं माणूस चष्मा लावून हसत होतं. धोंडाबाईला त्यानं स्वतः चष्मा चढवला. ती आधी आपल्या हाताच्या रेषा बघत राहिली, मग सुपातले तांदूळ, मग समोरची सोंड. "अगो बाय! झाडं सुटी सुटी दिसतात!"

आणि कमळू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

तिचं हसू थांबलं. कमळूनं तोंड फिरवलं.

"हिकडं बघ," ती म्हणाली. त्यानं पाहिलं. ती खूप वेळ बघत राहिली. मग तिनं सुदामकडं मान वळवली. "तू व्हतास ना बरोबर?"

"होतो, आजी."

"देवाची वाट हाय, वर जायचं नाय, हे ह्यानं सांगितलं नाय तुमाला?"

"सांगितलं होतं."

"मग पाहुण्याला समजलं नाय?"

परक्या देशातल्या पाहुण्यावर ढकलायला किती सोपं होतं! सुदाम खाली मान घालून बसला.

"मी पाहुण्याला सांगितलंच नाही, आजी. मला सांगता आलं असतं. पण मी नाही सांगितलं."

कमळू तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. पाणी त्यानं सुदामला दिलं नाही, आणि सुदामनंही हात पुढं केला नाही.