पाणी जुळलं

जाड्या मिठाची एकच पिशवी उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले.

जपानमधल्या यामातोकोरियामा या गोल्डफिशसाठी प्रसिद्ध गावात, स्टेशनाजवळच्या दुकानात, कायो इबुकीने मान वर करून पाहिलं. एप्रिलच्या भुरभुर पावसात भिजून आलेला एक उंच तरुण समोर उभा होता. चष्म्यावर थेंब, केसांतून पाणी... आणि पिशवी काही सोडत नव्हता. तिनेही सोडली नाही.

"मुळ्याचं लोणचं घालताय?" त्याने विचारलं.

"नाही. माशासाठी हवंय."

"खारवायचाय?"

"जगवायचाय."

तो हसला आणि त्याने हात काढून घेतला. "दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम. त्याहून जास्त नको," तो म्हणाला. "अर्धं मला द्याल का? माझ्याही घरी एक आजारी आहे."

त्याचं नाव सोहेइ मोरिवाकी. चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि घरी तीन टबांत रांचू जातीचे गोल्डफिश पाळायचा. मीठ वाटून घेईपर्यंत कायोने त्याला सगळी कर्मकहाणी सांगून टाकली होती. अनोळखी माणसाशी आपण इतकं कसं बोललो, हे तिचं तिलाच कळेना.

तिचे वडील गेंझो यांनी तीस वर्षं एकाच वाणाचे रांचू सांभाळले होते. पाठीवर पर नाही, डोक्यावर पिकल्या तुतीसारखे फुगवटे, असे हे डौलदार गोल्डफिश. पण एका घरच्या पाण्यातला मासा दुसऱ्या घरच्या पाण्यात एकदम सोडायचा नसतो. त्याला वेगळं ठेवायचं, रोज एकमेकांचं कपभर पाणी एकमेकांकडे ओतायचं आणि आठवडाभर वाट बघायची. याला म्हणायचं पाणी जुळवणं. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि गेल्या शरद ऋतूत याच गेंझोंनी जत्रेतून आणलेला एक देखणा मासा कौतुकाच्या भरात थेट टबात सोडला. दहा दिवसांत अकरा मासे गेले. शेपटी दुखावली म्हणून वेगळी ठेवलेली बेनी नावाची मादी तेवढी वाचली. त्या धसक्याने गेंझो खचले, आणि पुढे ओल्या अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडले.

मीठ हवं होतं ते हिवाळ्याने अशक्त झालेल्या या बेनीसाठी. आता तिच्या पोटात अंडी भरली होती आणि घरात नर नव्हता. तिचं वय झालं होतं. हा वसंत हुकला की वाण संपला.

"माझ्याकडे नर आहे, आजाऱ्याच्या टबातला नव्हे," सोहेइ म्हणाला. "पण... पाणी जुळवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तो नर घेऊन आला. स्वयंपाकघरातल्या काचेच्या टाकीत त्याची सोय झाली. गेंझोंनी फोनवरूनच नाक मुरडलं. रांचू वरून बघायचा असतो, खिडकीतून नव्हे, असं त्यांचं मत होतं. तरी त्यांनी परवानगी दिली. अट एकच, निकाल त्या मुलाने स्वतः कळवायचा.

मग रोज संध्याकाळी सोहेइ येऊ लागला. इकडचं कपभर पाणी तिकडे, तिकडचं इकडे. काम पाच मिनिटांचं, पण चहा तासभर चालायचा. "तुमचा मासा तुमच्यासारखाच, नुसता बघत बसतो," कायो चिडवायची. "बघण्यासारखं असेल तर काय करणार?" तो टाकीकडे बघत म्हणायचा, आणि कायो उगाचच कप विसळायला उठायची.

पाचव्या दिवशी बेनीने खाणं सोडलं. पर मिटून कोपऱ्यात बसली. कायोला वाटलं, वडिलांना काय तोंड दाखवायचं? तिचा फोन जाताच सोहेइ जेवणाच्या सुट्टीत धावत आला. त्याने आधी पाण्यात थर्मामीटर घातलं.

"चौदा अंश. रात्रीच्या गारठ्याने पाण्याचं तापमान उतरलंय," तो म्हणाला. "आजार असेलच असं नाही." त्याने हीटर लावला, दुकानात रजा कळवली आणि दुपारभर कायोच्या शेजारी बसून राहिला. तिला त्याच्या असण्याचाच आधार वाटला.

सकाळी बेनीने लाल अळ्या मटकावल्या. कायोला रडू आलं आणि हसूही. आणखी दोन दिवस गेले, दोन्ही मासे ठणठणीत होते. सोहेइने इस्पितळात फोन लावला.

"काका, जुळलं. आता दोघांना एकत्र राहायची परवानगी द्या."

मग कायोला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत राहिलं. "हो... थंडी सोसत नाही, लक्षात ठेवीन... रुसली की जेवत नाही, ते पाहिलंय... हो, आयुष्यभर सांभाळीन."

नराला त्याच दिवशी बेनीच्या टबात सोडलं. दुसऱ्या दिवशी कायो इस्पितळात गेली, तर वडिलांचे डोळे भरलेले. "मी होकार दिलाय," ते म्हणाले. "गेले आठ दिवस तुझ्या तोंडी त्याचंच नाव होतं. मला कळत का नव्हतं? पण मुलगा सरळ आहे. आधी मला विचारलंन."

कायोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: सोहेइने तिलाच मागणी घातली, असं बाबा समजले होते.

संध्याकाळी तिने हे सोहेइला सांगितलं, तेव्हा तो कानांपर्यंत लाल झाला.

"मी... माशांचं बोलत होतो."

कायोचा चेहरा पडला. तिने तो टबाकडे वळवला. "मग बाबांना फोन करून चूक सांगायला हवी."

"नको." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्यांनी जे जे विचारलं... त्याला दिलेली सगळी उत्तरं खरी आहेत. तुझ्या बाबतीतही."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. टबातल्या पाण्यावर फेस आला होता आणि शेवाळी झुडपात पिवळसर अंडी चिकटली होती. वाण वाचला होता. कायोने एक खोल श्वास सोडला. गेल्या शरद ऋतूपासून तो जणू छातीतच अडकून होता.

"एकदम नाही हं," ती म्हणाली. "आमच्या घरी घाई महागात पडते. रोज एक कप."

"पाण्याचा?"

"चहाचा," ती म्हणाली आणि आधण ठेवायला आत गेली.