सकाळचा कोरा फोटो

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी मेडिकल इमेजिंग शिकवते. पहिल्याच तासाला सांगते, "सकाळचा पहिला एक्स-रे कुणाचाच नसतो." यंत्रासमोर कुणालाही उभं न करता तो काढायचा. त्यात दिसतील ते डाग यंत्राचे. मग दिवसभर प्रत्येक फोटोतून संगणक ते वजा करत राहतो. मुलं हसतात. गेल्या जानेवारीपर्यंत मीही हसत असे.

पाळी या खाणींच्या गावात, पंचायतीच्या सभागृहात आम्ही खाणकामगारांच्या छातीचं तपासणी शिबिर लावलं होतं, मुलांचा प्रकल्प म्हणून. बाहेर पानापानावर तांबडी धूळ, आत आमचं फिरतं यंत्र. सकाळचा तो कोरा फोटो काढायचं काम माझ्या वर्गातल्या प्रज्योतकडे. पोरगा हुशार, पण तोंडाला कुलूप. त्याचे वडील महादेव, मूळचे सिंधुदुर्गातले. वीस वर्षं इथे खनिजाचा ट्रक चालवलेला. सभागृहापासून दोन घरं सोडून राहत, पण तपासणीला यायचं नाव नाही.

"माका कायेक नाय, बाई. धूळ ती. आंग धुतला की जाता," म्हणत त्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं. त्यांचा खोकला मात्र सभागृहापर्यंत ऐकू येई.

मंगळवारच्या कोऱ्या फोटोत पुसट बरगड्या दिसल्या. आदल्या दिवशीच्या पेशंटची छाया राहिली असेल, म्हणून मी प्लेट बदलली. बुधवारी नव्या प्लेटवर त्याच बरगड्या, आणि उजव्या फुप्फुसात रुपयाएवढा पांढरा डाग. गुरुवारी तो तळहाताएवढा झाला. गळ्याखालच्या हाडावर धातूची पट्टीही उमटली होती. पाच भोकं, चार स्क्रू.

मी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावत होते. प्रज्योत स्क्रीनकडे बघत राहिला.

"मॅडम, ही पट्टी बाबांची. ट्रक उलटलो तेवां घातलेली."

मला राग आला. यंत्राचा, त्याचा, माझा स्वतःचाही. "जा, घेऊन ये त्यांना," मी म्हटलं.

त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण महादेव आले. शर्ट काढून, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि प्लेटला छाती टेकवून उभे राहिले. एरवी ढास थांबत नसे. इथे एकदाही खोकले नाहीत.

"श्वास घ्या. धरा."

फोटो कोरा आला. सगळीकडे एकसारखा राखाडी.

मला हायसं वाटलं. गणित सरळ होतं. सकाळी त्यांचीच छाती, आताही त्यांचीच. वजा केली की शून्य उरणार. सकाळी ती तिथे आली कशी, हे नंतर बघू. मी वजाबाकी बंद केली आणि पुन्हा बटण दाबलं.

तरीही कोरा.

वायरी तपासल्या. यंत्र बंद करून परत चालू केलं, ते तापेपर्यंत मी थांबले. तिसराही कोरा.

तेव्हा लक्षात आलं, 'सोडा' म्हणायचं मी विसरले होते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहाचे पावणेअकरा झाले होते. महादेव तसेच उभे होते, सांगितलेलं ऐकणाऱ्या पेशंटसारखे. पाठ हलत नव्हती.

मी तोंड उघडलं. प्रज्योतने माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम," तो कुजबुजला, "त्येंका सोडूक सांगू नकात. ह्यो त्येंचो शेवटचो श्वास."