बंद खात्यातून आलेली मंजुरी

या वयात खोटं बोलून मला काही मिळवायचं नाही. विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या डोळ्यांदेखत आमच्याच घरात घडलं. रात्रही नव्हती. भर दुपार होती, ओट्यावर ऊन आलं होतं.

माझा मुलगा त्याच्या आदल्या वर्षी गेला. झोपेतच.

तो आणि सून एकाच कंपनीत. काम घरूनच. लोकांच्या ईमेलवर पहारा ठेवायचा. त्यांचं यंत्र थोड्या थोड्या वेळानं एक रिकामी मेल पाठवायचं. ती परत आली की ‘टुक’ वाजायचं. नाही आली, तर कुठंतरी बिघाड. गिऱ्हाइकांत इस्पितळंही होती, त्यामुळे हयगय चालत नसे.

हा पहारा मुलानं स्वतःच्याच खात्यावर, स्वतःच्याच पासवर्डनं बसवला होता. तसं करू नये म्हणतात. साहेब त्याला चिडवायचे, की तू सुट्टीवर गेलास तर आम्ही आंधळे होऊ. तो म्हणायचा, म्हणून तर जात नाही.

मग तो गेला. पण खातं बंद करता येईना. पहारा त्याच्याच नावानं चालला होता.

पुढे मेलवाल्यांनी कळवलं, अमुक दिवसापासून पासवर्ड चालणार नाही. टोकन घ्या.

टोकन म्हणजे काय, ते सुनेनं मला समजावलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई, मला लगेच कळलं. आमच्याकडे फाटकावर पितळी बिल्ला मिळायचा. बिल्ला दाखवला की आत. नाव-गाव कुणी विचारत नसे. मात्र बिल्ला कुणाला द्यायचा, ते एकट्या सुपरवायझर बाई ठरवायच्या.

इथे टोकन मंजूर करायचा अधिकार दोघांना होता. साहेबांना... आणि माझ्या मुलाला.

सून टाळत राहिली. टाळता टाळता शेवटचा दिवस उजाडला. साहेबांनी बजावलं होतं, आधी नवी मंजुरी घे, मग त्याचं खातं बंद कर. तिनं उलटं केलं.

“आधी हेच उरकते, आई. नाहीतर माझा हात होणार नाही.”

तिनं खातं बंद केलं. रडली नाही. मीही नाही. आमचं रडणं केव्हाच संपलं होतं.

‘टुक’ थांबलं.

इतकी वर्षं तो आवाज कानांना जाणवतही नव्हता. आता त्याचं नसणं ऐकू येत होतं...

तिनं नव्या टोकनसाठी विनंती पाठवली. पडद्यावर आलं, ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’. साहेबांना फोन लावला. बंद. मग तिला आठवलं, ते विमानात होते. बंद केलेलं खातं पुन्हा उघडणंही त्यांच्याच हातात.

तोवर पहारा आंधळा. एखाद्या रुग्णाचा रिपोर्ट अडकला, तरी कुणाला पत्ता लागणार नाही. चूक सगळी तिची. आणि तिची नोकरी म्हणजे आमचं घर.

ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं.

“गेली, आई, नोकरी,” ती म्हणाली. दूध संपलं म्हणावं तसं.

आणि तेवढ्यात खोलीतून आवाज आला...

टाइप करण्याचा.

सावकाश. दोन बोटांनी.

सून दहाही बोटांनी टाइप करते. दोन बोटांचा घरात एकच होता. कोंबडी दाणे टिपते, म्हणून मी त्याला हसायची.

घरात आम्ही दोघीच. आणि दोघीही ओट्यापाशी.

मग एक जोराचा ठोका... शेवटचं बटण तो असंच हाणायचा.

सुनेनं पेला खाली ठेवला. “तुम्हीही ऐकलंत ना?”

मी मान हलवली.

खोलीत कुणी नव्हतं. खिडक्या लावलेल्या. पडद्यावर एकच शब्द, हिरव्या अक्षरांत.

‘मंजूर’.

खाली मंजूर करणाऱ्याचं नाव होतं...

माझ्या मुलाचं.

सुनेनं त्याचं खातं तपासलं. बंद होतं. मंजुरीच्या आधीच बंद झालेलं. तिनं पुन्हा तपासलं. मग खुर्चीत बसून पुढचं काम करायला लागली. दुसरं काय करणार?

साहेब विमानातून उतरले, त्यांनी सगळं सुरळीत पाहिलं आणि धरून चालले, की बसायच्या आधी आपणच मंजुरी दिली असेल. सुनेनं तो समज तसाच राहू दिला.

बरेच दिवस गेले. एकदा जेवताना मीच म्हटलं, “अगं, सोड आता त्याला. साहेबांकडून नवी मंजुरी घे. गेल्यावरही आपण त्याला जुंपून ठेवलंय.”

तिनं हात धुतला. ताट सरकवलं आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. मंजुरीखाली त्याचं नाव होतं. शेजारी, ‘काढून टाका’.

“तुम्ही करा, आई. मी एकदा केलंय.”

मी चष्मा पुसला. परत घातला. बसून राहिले. अन्न गार झालं.

शेवटी तिनंच लॅपटॉप मिटला.

नाव अजून तिथंच आहे. पगार येतो, दिवस जातात. दुपारी सून बाहेर गेली की मी त्या खोलीच्या दाराशी उभी राहते. दमलास का रे, एवढंच विचारायचं असतं.

विचारत नाही...

त्यानं हो म्हटलं, तर मी काय करू?